‘बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय’

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन आहे आणि जर्नल अर्धं राहिलंय. तुझ्या कानात हेडफोन आहेत, पण गाणं बंद आहे. कारण लक्ष सगळं दाराकडे. लॅचमध्ये किल्ली फिरते. बाबांनी चपला नीट ठेवल्या की भिरकावल्या? आईने टीव्ही बंद केला की आवाज वाढवला? एवढ्यावरून तुला कळतं, आजची रात्र कशी जाणार. मग आई तुझ्या खोलीत डोकावते आणि म्हणते, ‘बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.’ बाबा चार पावलांवर उभे असतात.

ओळखीचं वाटतंय ना?

भांड्याला भांडं लागतंच, असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते खरंही आहे. आईबाबा भांडले, नंतर बोलले, मिटवलं, तर ते बघून मुलं उलट काहीतरी शिकतातच. त्रास होतो तो न मिटणाऱ्या भांडणांचा. आठवडा आठवडा चालणाऱ्या अबोल्याचाही. पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलं की मुलांना घरात भावनिक सुरक्षितता लागते. ती हलली की मूल सतत सावध राहतं, धोक्याचा वास घेत राहतं, भांडण थांबवायला मध्ये पडतं. म्हणजे चपलांच्या आवाजावरून मूड ओळखणं हा काही तुझा ‘ओव्हरथिंकिंग’चा आजार नाही. त्या घरात निभावून न्यायला तू ते शिकलीस.

मुलींच्या वाट्याला यात बरेचदा एक जादा काम येतं. ‘तू समजूतदार आहेस’ म्हणत आई मनातलं सगळं तुझ्यापाशी ओतते. ‘तुझ्या आईला जरा समजाव,’ असं बाबा म्हणतात. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. कुटुंबांवर काम करणाऱ्या मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं होतं. त्या त्रिकोणाचा तिसरा कोन तू. आणि सगळ्यात जड वाक्य कुठलं? ‘मी हे सगळं तुझ्यासाठीच सहन करतेय.’ आई ते प्रेमानेच म्हणते, पण तुझ्या डोक्यावर न घेतलेलं कर्ज चढतं.

मग ते कुठून कुठून बाहेर पडतं. झोप लागत नाही. परीक्षा नसतानाही पोटात गोळा येतो. मैत्रिणीने ‘सीन’ करून रिप्लाय दिला नाही तर तू आधी सॉरी म्हणतेस, चूक कुणाची का असेना. कुणी आवाज चढवला की हातपाय गार. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजचा फॉर्म भरताना बोट थबकतं: मी गेले तर आईचं कसं होणार?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. त्यांचं लग्न तू लावलं नाहीस. ते टिकवणं किंवा मोडणं हेही तुझं काम नाही.

सुरुवात छोटी कर. निरोप्याची नोकरी सोड. पुढच्या वेळी शांतपणे म्हण, ‘आई, हे तूच सांग ना बाबांना.’ पहिल्यांदा तिला राग येईल, तुलाही अपराधी वाटेल. चालेल. आईचं ऐकायचं असेल तर जरूर ऐक, पण ‘आई, मी तुझी मुलगी आहे, वकील नाही’ हेही सांगता येतं. तिला आत्याशी, मावशीशी, समुपदेशकाशी बोलायला सुचव. सबमिशनच्या रात्रींसाठी मैत्रिणीचं घर किंवा लायब्ररी ठरवून ठेव. झोप, भूक, अभ्यास आठवडेच्या आठवडे बिघडलाय? मग कॉलेजच्या काउन्सेलरला भेट. नाहीतर ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन कर. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि घरात हात उचलला जात असेल तर मध्ये उभी राहू नकोस. बाहेर पड, शेजाऱ्यांना हाक मार, ११२ ला फोन लाव. महिलांसाठी १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आईइतकंच मुलीलाही मागता येतं.

हे वाचताना ‘आपल्याकडे तर असं काही नाही’ म्हणणाऱ्यांनो, तुमच्या ग्रुपमध्ये एकजण लेक्चर संपलं तरी घरी जायची घाई करत नाही. कॅन्टीन बंद होईपर्यंत बसून राहते. तिला ‘काय झालं?’ म्हणून खोदू नका. एक चहा सांगा आणि बसा तिच्यासोबत.

आणि तो अर्धा भरलेला फॉर्म? शेवटच्या तारखेच्या आधी भरून टाक. घर सोडून जाणं म्हणजे आईला सोडून जाणं नव्हे. फोन रोज करता येतो. त्यात निरोप मात्र फक्त तुझे असू देत.