मरणाचं इंजेक्शन नको, दुखणं थांबवणारी गोळी द्या



इच्छामरणाचा कायदा करा, अशी मागणी अधूनमधून पेपरात येते. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईतल्या एका वृद्ध दांपत्याने थेट राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. दोघांनाही मोठा आजार नव्हता, मूलबाळ नव्हतं. कोणावर ओझं होण्याआधी डॉक्टरांच्या मदतीने मरण मिळावं, एवढीच त्यांची विनंती. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण असा कायदा झाला तर त्याचा पहिला फटका गरिबाला बसेल, असं माझं नर्सिंगच्या अनुभवातून झालेलं मत आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. बरं होण्याची आशा संपलेल्या रोग्याचं व्हेंटिलेटर काढणं, ही एक गोष्ट. सुप्रीम कोर्टाने 7 मार्च 2011 च्या निकालात तिला वाट दिली आणि 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम 21 खाली ती मान्य केली. ‘मला मशीनवर ठेवू नका’ असं आधीच लिहून ठेवता येतं. 2023 पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. निर्णय मात्र दवाखान्यातली डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. याला आपला विरोध नाही. मुद्दाम इंजेक्शन देऊन किंवा औषध पाजून जीव घेणं, ही दुसरी गोष्ट. आज तो गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा.

2011 चा तो निकाल अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला. त्या केईएमच्या नर्स. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच दवाखान्यातल्या सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला आणि मेंदूला कायमची इजा झाली. पुढे जवळपास 42 वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, भरवलं. त्यांचं अन्न थांबवा, अशी याचिका आली तेव्हा याच नर्सेसनी विरोध केला. कोर्टाने त्यांचं ऐकलं. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या. केईएम म्हणजे महापालिकेचा दवाखाना. सार्वजनिक दवाखान्यात एवढी सेवा होऊ शकते.

आपल्या घरांत काय होतं? “बाई, मले एखांदं इंजेक्शन देऊन टाका. पोराच्या डोक्यावर किती कर्ज करू?” हे वाक्य मी कितीतरी खाटांजवळ ऐकलं आहे. त्यात मरणाची हौस नसते. सहन न होणारं दुखणं असतं, नाहीतर पैशाची काळजी, नाहीतर ‘आता माझं कोणाला काम?’ हा सल. दुखणं आटोक्यात आलं की तोच माणूस नातीच्या परीक्षेची चौकशी करतो. ज्याला औषध परवडत नाही त्याच्यापुढे मरणाचा अर्ज ठेवला, तर त्याची ‘इच्छा’ कितपत त्याची राहील?

जुलाबाने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतलं आणि रोग्याची सेवा ही माझीच सेवा, असं संघाला सांगितलं. मरणाची थोरवी सांगून कोणाला मरायला लावणं, हा विनयात भिक्खूसाठी सर्वांत मोठ्या दोषांपैकी एक आहे.

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनची गोळी आहे. ती महाग नाही, पण सहज मिळत नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तिची वाट सोपी झाली. महाराष्ट्राने तर 2012 मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या सेवेचं धोरण केलं. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या बारा सेवांमध्येही ही सेवा आहे. डॉक्टर सांगतील त्या वेळेला गोळी घ्यावी, दुखणं वाढायची वाट पाहू नये. तिने शौचाला घट्ट होते, म्हणून सोबत त्याचं औषध मागावं. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतली तर व्यसन लागेल, ही भीती बाळगू नये.

लोकप्रतिनिधींवर दबाव चालतो का? चालतो. ब्रिटनच्या खासदारांनी मरणाला मदत करण्याचं विधेयक नोव्हेंबर 2024 मध्ये 55 मतांच्या फरकाने पुढे नेलं. लोक, डॉक्टर, अपंगांच्या संघटना खासदारांना भेटत राहिल्या. जून 2025 मध्ये फरक 23 वर आला. त्या मतदानात विधेयक पडलं नाही, पण मतं हलली. आपल्याकडे 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने उपचार थांबवण्याच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवून सूचना मागवल्या होत्या. आपल्या वस्त्यांतून किती पत्रं गेली असतील, याचा विचार करा.

म्हणून बंधू-भगिनींनो, विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन पत्रं लिहू. असा कायदा संसदेत होतो, म्हणून एक खासदारांना: जीव घेण्याला परवानगी देणाऱ्या विधेयकाला विरोध करा. आरोग्य राज्याचा विषय आहे, म्हणून दुसरं आमदारांना: प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फिन ठेवा, ते देणारे शिकलेले डॉक्टर-नर्स द्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स पाठवा, निराधार अनुदान वेळेवर द्या.

पत्रात आपल्या घरच्या रोग्याची दोन वाक्यं लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घ्या. आपल्या वलगावजवळ, पेढी नदीकाठी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी सही शिकली नव्हती, तरी मंत्री त्यांचं ऐकत. पत्राची पोच मागून घ्या आणि महिन्याने उत्तर विचारायला पुन्हा जा.