देवळाआधी टाकं

इटलीतल्या डोंगरी गावांत चर्च शोधावं लागत नाही. असिसी असो की ओर्व्हिएतो, टेकडीवरचं चर्च दुरूनच नजरेत भरतं. असिसीतल्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चचं काम १२२८ साली सुरू झालं. ते पाहायचं म्हणजे आत शिरून छत आणि भिंतींवरची चित्रं पाहायची. १९९७च्या भूकंपात छताचा भाग कोसळला, तेव्हा चित्रांचे तुकडे वेचून पुन्हा जोडले गेले. हीच नजर घेऊन ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत गेलं, तर फारसं काही हाती लागत नाही. गोरखगडाच्या माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ, नाणेघाटात एक ओकीबोकी गुहा. कारण इथलं पवित्र स्थळ म्हणजे नुसती वास्तू नव्हे. वाट, पायरी आणि पाणी मिळून ते स्थळ होतं.

याचा पुरावा नाणेघाटातच कोरलेला आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून चढणारी ही वाट कोकणातली बंदरं जुन्नरशी जोडत होती. गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन करून तो यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई-घोड्यांची मोजदाद करतो. राणीने हे देवळात नव्हे, व्यापारी वाटेवर कोरवलं. तिथल्याच आणखी एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याची नोंद आहे. घाट चढून आलेल्या वाटसरूला पाणी देणं हेच त्याचं धर्मकृत्य होतं. देहरीहून गोरखगड चढतानाही हाच क्रम दिसतो: कातळात खोदलेल्या पायऱ्या, टाकी, खांब राखून कोरलेली गुहा आणि सगळ्यात शेवटी देऊळ.

यावर कुणी म्हणेल, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरासारखं कोरीव काम इथे कुठे आहे? नाही, हे खरंच. पण उभ्या कड्यात पाणी धरणारं टाकं खोदणाऱ्या हातालाही कारागिरीच लागते. दुसरा आक्षेप असा की, गोरखगडावरची गोरखनाथांची साधना किंवा शहापूरकडच्या आजापर्वतावरचा वाल्मीकींचा आश्रम या श्रद्धेच्या कथा आहेत, इतिहास नव्हे. कथेला शिलालेखाचं वजन देऊ नये, हे मान्य. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोकांची पावलं त्या डोंगरांकडे वळती ठेवली ती त्या कथांनीच. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त: वयस्कर भाविकांना सोय हवी. हवीच; धोक्याच्या जागी कठडा, पायथ्याशी सावली आणि पिण्याचं पाणी द्यावं. मात्र सोयीच्या नावाखाली जुन्या पायऱ्यांवर सिमेंट ओतलं आणि कोरीव खांबांना ऑइलपेंट फासला, तर ज्या खुणा वाचायला यायचं त्याच पुसल्या जातात. असिसीत चित्रांचे तुकडेसुद्धा जपले. आपल्याला तर अखंड कातळच जपायचा आहे.

म्हणून या डोंगरांत जाल तेव्हा देवळाआधी टाक्यापाशी थांबा. त्यात उतरू नका, साबण लावू नका, बाटली टाकू नका. ते कुणीतरी पुण्य म्हणून तुमच्यासाठी खोदून ठेवलेलं आहे.