दोन कॉलेजं, एकच बीबीए?

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाचे तालुके दोन. एक चांदूर रेल्वे, दुसरं आमचं चांदूर बाजार. दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरताना दोन्ही नावं एकाखाली एक येतात आणि घाईत बोट भलत्यावर पडतं. त्यात आता आमच्या चांदूरलाही रेल्वे आहे, बडनेरा–नरखेड मार्गावरची. म्हणजे नावावरून ओळखायची सोयही गेली. बारावीनंतर बीबीए करायला निघालेल्या पोरांची गत अशीच होते. कुठे नाव एक आणि माल वेगळा, तर कुठे माल तोच आणि पाटी वेगळी.

मी कॉमर्स शिकवतो. त्यामुळे निकाल लागला की लोक माहितीपत्रकं घेऊन येतात. गेल्या हंगामात एक संत्रा बागायतदार आले आणि दोन पुस्तिका टेबलावर ठेवून म्हणाले, “सर, पोरीले पुण्याले धाडू का अमरावतीलेच ठेवू? दोन्हीकडं बीबीएच हाय न, मंग फरक काय पडते?” एक पुस्तिका अमरावतीतल्या, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजची होती, दुसरी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाची. दुसरीचा कागद लग्नपत्रिकेसारखा जाड होता. फरक मात्र कागदात नव्हता.

“बीबीए म्हणजे पैसेवाल्यांचं शिक्षण, त्याला सरकारी सवलत नसते”

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. मुलांना ती आजही निम्मीच आहे. आमच्या भागातली कितीतरी शेतकरी घरं कुणबी म्हणजे ओबीसी आहेत, तेव्हा हा निर्णय थेट त्यांच्या उंबरठ्यावर येतो.

पण त्याच निर्णयात दोन अटी आहेत आणि माहितीपत्रकात त्या कुणी छापत नाही. पहिली अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश त्यात बसत नाहीत. दुसरी अट अशी की खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत.

आता त्या दोन पुस्तिका पुन्हा पाहा. मुलगी तीच, जात तीच, उत्पन्नाचा दाखला तोच. अमरावतीच्या कॉलेजात कॅपमधून गेली तर शिक्षण शुल्क माफ. पुण्याच्या खासगी विद्यापीठात गेली तर या योजनेतून रुपयाही नाही. आणि तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. अमरावतीच्या त्याच कॉलेजात ती कॅप चुकवून, शेवटी उरलेल्या जागेवर संस्थास्तरावरून गेली, तर शेजारच्या बाकावरची मैत्रीण माफीत शिकणार आणि ही पूर्ण फी भरणार. “घाई काय, आमच्याकडे थेट करून देऊ” असं कुणी म्हणालं की हे आठवावं. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज सरकारच्या महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहे का, तेही पैसे भरण्याआधीच पाहायचं.

माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. खोली, मेस आणि कॉलेजची इतर शुल्कं खिशातूनच जातात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबराव, म्हणजे आपले भाऊसाहेब, याच जिल्ह्यातल्या पापळचे, पण त्यांच्या नावाची ही योजना याच जिल्ह्यात पुष्कळांना ठाऊक नसते.

“सीईटी इंजिनिअरिंगवाल्यांची, आपल्याला काय करायची?”

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय नियामक संस्थेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी पुष्कळांपर्यंत ही बातमी पोचलीच नाही. मे महिन्यात परीक्षा झाली, जागांच्या मानाने विद्यार्थी फार कमी निघाले, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरवर्षी अशी दुसरी संधी मिळेल असं धरून बसू नये. अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतात. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर फॉर्म शोधणाऱ्याला उशीर झालेला असतो.

परीक्षेचा बाऊ नको. शंभर प्रश्न, दीड तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुरुवातीच्या आराखड्यात शंभरातले चाळीस प्रश्न इंग्रजीचे आणि तीस तर्कक्षमतेचे होते, उरलेले सामान्य ज्ञान आणि संगणकाचे. गणितात कच्चा आहे म्हणून बीबीए सोडणाऱ्या पोरांची खरी अडचण गणिताची नसून इंग्रजीची आहे, हे या आकड्यांवरूनच दिसतं.

आता पाट्यांचा खेळ. सीईटीची कटकट नको म्हणून राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांनी जुन्या बीएमएस-बीबीएचं नाव बदलून ते बीकॉमच्या छत्राखाली आणलं, ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशा धर्तीवर. शिकवणारे तेच, वर्गही तेच. यात गैर काही नाही आणि काही पोरांना ते सोयीचंही आहे. पण मग ती पदवी सीईटी-कॅपच्या वाटेवरची राहत नाही आणि सवलतीचं वर मांडलेलं गणित बदलतं. म्हणून “बीबीए आहे का?” एवढं विचारून भागत नाही. गुणपत्रिकेवर पदवीचं नेमकं नाव काय छापून येणार, ते विचारा.

“एआयसीटीईची मान्यता, नॅकची श्रेणी, एनआयआरएफचा क्रमांक: तिन्ही एकच”

तिन्हींची कामं वेगळी. एआयसीटीईची मान्यता म्हणजे किमान अटी पुऱ्या झाल्याची पावती. ती दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजला मिळते, म्हणजे विज्ञान शाखेच्या जोरावर मिळालेला ‘ए’ बीबीएच्या जाहिरातीतही झळकू शकतो. एनआयआरएफमध्ये बीबीएसाठी वेगळा गटच नाही. तिथला ‘मॅनेजमेंट’ गट मुख्यतः एमबीए चालवणाऱ्या संस्थांचा आहे. “देशात अमुक क्रमांक” ही ओळ दिसली की कोणत्या गटात, हे विचारावं.

एनआयआरएफचा खरा उपयोग निराळाच आहे. भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती जाहीर करावी लागते. किती पोरं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे सगळं त्यात असतं. हा ‘मधला पगार’ फार कामाचा. समजा दहा पोरांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाख मिळाले आणि एकाला तीस. सरासरी निघते पाच लाख सत्तर हजार. फलकावर फोटो लागतो तीस लाखवाल्याचा. मधला आकडा मात्र तीनच. तुमचं पोरगं बहुधा त्या नऊंत असेल, म्हणून मी सर्वोच्च पॅकेजवाल्या पानाकडे बघतही नाही.

“एमबीए करायचं तर बीबीएच लागतं”

लागत नाही. कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, साधं बीकॉमही. आणि उलट बाजूने, बीबीए केल्यावर यूपीएससीचं दार बंद होतं असंही नाही, कारण तिथेही पदवी हीच अट आहे.

मग पुणं वाईट का? मुळीच नाही. कंपन्या तिथे आहेत, इंटर्नशिप जवळ मिळते, आणि गावातून गेलेलं पोर तिथे चार माणसांत बोलायला शिकतं. हा फायदा खरा आहे आणि अमरावतीला तो सहजी देता येत नाही. पण तीन वर्षं अमरावतीत माफीत शिकून, वाचलेला पैसा आणि ताकद चांगल्या एमबीएसाठी राखून ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. शेत गहाण टाकून बीबीए करू नये, या मतावर मी ठाम आहे. इथून अमरावती चाळीसेक किलोमीटर, एसटीचा विद्यार्थी पास मिळतो आणि रात्री पोर घरी जेवायला असतं.

त्या बागायतदारांना मी एवढंच सांगितलं की दोन्ही कॉलेजांना एकच प्रश्न विचारा: “हा प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावरून?” उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. आणि सेतू केंद्रातून उठण्याआधी उत्पन्नाच्या अर्जात तालुका चांदूर बाजारच निवडलाय ना, तेवढं एकदा पाहा.