समुद्रशैवाल, रक्तशर्करा आणि क्षुधा : काही समजुतींची शहानिशा

आपल्याकडील पुष्कळ घरांच्या फडताळात, साबुदाण्याच्या आणि शेवयांच्या डब्यांशेजारी, पांढुरक्या, कोरड्या आणि वजनाला अगदी हलक्या तंतूंची जी एक जुडी असते, आणि जी पाण्यात विरघळवून दुधात घातली, साखर-वेलदोडा मिसळला आणि थंड होऊ दिली म्हणजे जिच्या थरथरत्या वड्या पडतात, तिला आपण ‘चायना ग्रास’ म्हणतो. परंतु नावात गवत असले तरी तो जिन्नस गवताचा नव्हे, तांबड्या समुद्रशैवालांपासून काढलेला अगर नावाचा निर्यास आहे. तेव्हा शैवाल खाणे हा जपानी लोकांचा रिवाज, आपला त्याच्याशी काय संबंध, ही समजूत आपल्याच स्वयंपाकघरात निकालात निघते. मात्र अलीकडे मधुमेही मंडळींच्या बोलण्यात शैवालाची भुकटी आणि गोळ्या यांचे नाव येते ते वडीच्या संदर्भात नव्हे. ‘त्याने साखर उतरते, भूक मरते, वजन झडते’ अशी तीन विधाने एका दमात केली जातात, आणि त्या प्रत्येकाच्या मुळाशी सत्याचा काही अंश असल्यामुळेच त्यांची शहानिशा अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

पहिला घोटाळा ‘शैवाल’ या एकवचनाचा आहे. तपकिरी, तांबडी आणि हिरवी ही शैवालांची तीन कुळे एकमेकांपासून इतकी दूरची आहेत की, एकाच्या अंगचा गुण दुसऱ्यात गृहीत धरणे सर्वथा अयोग्य होय. ज्या अल्जिनेटच्या जोरावर शैवालाची कीर्ती मुख्यतः उभी आहे, आणि जे स्कॉटलंडात काम करणाऱ्या एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनज्ञाने १८८१ साली प्रथम वेगळे करून दाखविले, ते तपकिरी शैवालांत, म्हणजे कोंबू, वाकामे इत्यादींत असते. सुशीभोवती गुंडाळला जाणारा काळसर पापुद्रा, नोरी, हे तांबडे शैवाल असून त्यात अल्जिनेट नसते. अल्जिनेटच्या गुणाची आशा धरून नोरीचे कुरकुरीत काप खाणाऱ्याच्या पदरी तो गुण पडत नाही, आणि सुशी खाणाऱ्याच्या पोटात तर पापुद्र्यासोबत पांढऱ्या भाताची चांगली मूठभर रास जाते.

आता साखर उतरते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. अल्जिनेट जठरातील आम्लाच्या आणि अन्नातील कॅल्शियमच्या सान्निध्यात आले म्हणजे त्याचा चिकट, फुगलेला गोळा बनतो; या गोळ्यात अडकलेले अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरही पिष्टापासून सुटणारी शर्करा त्या दाट लगद्यातून वाट काढीत आतड्याच्या भिंतीपर्यंत विलंबाने येते. साखर नाहीशी होत नाही. जी अर्ध्या-पाऊण तासात एकदम लोंढ्याने रक्तात शिरली असती, ती थोडीथोडी, अधिक काळ येत राहते, आणि त्यामुळे जेवणानंतरचे शिखर ठेंगणे होते. तपकिरी शैवालांतील फ्लोरोटॅनिन नावाची द्रव्ये पिष्ट फोडणाऱ्या पाचकरसांना अटकाव करतात असेही परीक्षानळीत दिसून आले आहे, आणि अकार्बोज हे मधुमेहावरील औषध साधारण याच मार्गाने काम करते. पण परीक्षानळीतील अटकाव आणि भोजनोत्तर मनुष्याच्या आतड्यातील अटकाव यांत मोठी तफावत असते, हे विसरून चालत नाही.

माणसांवरील प्रयोगांचा दाखला घेऊ. स्वीडनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेह असलेल्या सात पुरुषांना जेवणासोबत पाच ग्रॅम सोडियम अल्जिनेट दिले, तेव्हा भोजनोत्तर रक्तशर्करेची वाढ सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली, आणि जठर रिकामे होण्यास लागणारा वेळही वाढला. हा परिणाम खरोखर लक्षणीय आहे. पण तो सात माणसांवरचा, शुद्ध अल्जिनेटचा आणि एका जेवणापुरता आहे. कोरियात २००८ साली मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात कोंबू व वाकामे यांच्या जातीची शैवाले चार आठवडे दिली गेली, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची, अशी दोन्ही वेळची साखर उतरली. मात्र तेथे दररोजचे प्रमाण ४८ ग्रॅम होते, आणि आमटीवर चिमूटभर भुकटी भुरभुरणाऱ्याने त्या निष्कर्षावर हक्क सांगू नये. कॅनडातील क्वेबेक येथे २०११ साली २३ निरोगी माणसांना दोन तपकिरी शैवालांचा ५०० मिलिग्रॅम अर्क पावापूर्वी दिला, तर साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इन्सुलिनचा स्राव मात्र सुमारे १२ टक्क्यांनी घटला. तेवढीच साखर कमी इन्सुलिनमध्ये सांभाळली जाणे ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु ‘गोळीने साखर उतरली’ असे विधान तीतून निघत नाही.

येथे माझ्या मते सर्वांत घातक गैरसमजाला हात घातला पाहिजे. एका जेवणानंतरची साखर आणि मधुमेहाचा ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. डॉक्टर तीन महिन्यांनी जी एचबीए१सी तपासणी करवितात, ती तांबड्या रक्तपेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्याचा हिशेब असते. काही तासांचे आणि चार आठवड्यांचे प्रयोग त्या मुदतीच्या आतच संपतात. अशा प्रयोगांच्या भरवशावर जो मनुष्य चालू औषध बंद करतो, तो तासांच्या मापाने वर्षे मोजतो. इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने तर शैवालाचे मोठे प्रमाण आपल्या वैद्याला कळविल्याखेरीज सुरूच करू नये.

क्षुधेची हकीकत याहून मनोरंजक आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे बारा स्थूल पण निरोगी पुरुषांना न्याहारीस तपकिरी शैवालाची भुकटी मिसळलेला पाव दिला, तेव्हा चार तासांनंतरच्या जेवणात त्यांनी सुमारे १६ टक्के कमी उष्मांक घेतले. आणि तरीही त्यांच्या रक्तशर्करेत मात्र फरक आढळला नाही. साखर आटोक्यात आली म्हणून भूक मंदावली, अशी जी सोयीची साखळी आपण मनात जुळवितो, ती या २०१२ सालच्या प्रयोगापुढे टिकत नाही; भुकेचे खाते साखरेच्या खात्याहून निराळे निघाले.

भूक मंदावली म्हणजे वजन उतरलेच, असेही नाही. कोपनहेगन येथे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९६ स्थूल व्यक्तींना मित आहाराची शिस्त लावून, त्यांपैकी काहींना बारा आठवडे रोज तीनदा जेवणापूर्वी, मिळून १५ ग्रॅम अल्जिनेटचे पेय दिले. ज्यांनी प्रयोग पुरा केला, त्यांत अल्जिनेट घेणारांचे वजन सरासरी ६.८ किलो, तर इतरांचे ५ किलो घटले. परंतु मध्येच सोडून गेलेल्यांना हिशेबात धरताच ही तफावत निर्णायक राहिली नाही. घटीचा मोठा भाग मित आहारानेच पदरात टाकला होता, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे उघड होते.

जपानी लोक शैवाल खातात म्हणून सडपातळ असतात, या युक्तिवादात त्यांची मासळी, त्यांची चाल, त्यांच्या वाट्यांचा आकार हे सारे वगळले जाते. शिवाय २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी असे दाखविले की, नोरीतील शर्करा फोडणारी जनुके सागरी जीवाणूंकडून काही जपानी लोकांच्या आतड्यांतील जीवाणूंत आली आहेत, आणि तपासलेल्या उत्तर अमेरिकी लोकांत ती आढळली नाहीत; पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहाराने घडलेले पोट उसने आणता येत नाही.

राहिला प्रश्न निर्धोकपणाचा. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असे विचारणाऱ्यास आयोडिनचा आकडा दाखवावा. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, आणि ती आयोडिनयुक्त मिठाने आपल्याकडे बहुतेक भागते. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २,००० मायक्रोग्रॅम आयोडिन असू शकते, तर नोरीच्या ग्रॅममध्ये वीसेक. जपानमधील होक्काइडोच्या किनाऱ्यावर, जेथे कोंबूची रेलचेल आहे, तेथे आयोडिनच्या अभावाने नव्हे तर अतिरेकाने होणारा गलगंड १९६५ साली नोंदला गेला. अवटू ग्रंथीचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. हिजिकी नावाच्या शैवालात अपायकारक आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्नखात्याने २००४ साली ते न खाण्याचा सल्ला दिला. आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांना नोरीतील व्हिटॅमिन के विचारात घ्यावे लागते. कोंबू उकळले म्हणजे त्यातील बरेचसे आयोडिन पाण्यात उतरते, म्हणून उकळून खाल्ले की धोका टळला असे काहीजण मानतात. परंतु जपानी स्वयंपाकघरात पुष्कळदा पान बाजूला काढले जाते आणि सारासाठी ठेवले जाते ते नेमके तेच पाणी.