विषाणूच्या टोपलीत औषध

विषाणू म्हटला की डिचोलीच्या शेजारच्या सत्तरीत अजून माकडताप आठवतो. २०१५ साली तो पाली गावात आढळला, आणि काजू गोळा करायला रानात जाणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली. मग कोरोना आला. अशा या विषाणूला हाताशी धरून डॉक्टर कॅन्सर बरा करतात, हे कुणी सांगितलं तर आधी हसूच येईल. पण हे खरं आहे, आणि आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर घडतं आहे.

विषाणूला एकच कला येते. पेशीचं दार उघडायचं आणि आपली जनुकं आत टाकायची. आपल्या गावातला पोदेर आठवा. कुठलं घर कुठे, कुठलं फाटक कसं उघडतं, त्याला सगळं ठाऊक. समजा त्याच्या टोपलीतला नासका पाव काढून घेतला आणि त्या जागी औषधाची पुडी ठेवली, तर तो तीही तितक्याच इमानाने पोचवील. शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. रोग करणारी जनुकं काढली, हवं ते जनुक भरलं. अशा रिकाम्या करून भरलेल्या विषाणूला व्हायरल व्हेक्टर म्हणतात.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून तयार केलेली नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती याच तत्त्वावर चालते. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, वेगळे काढतात. लेंटिव्हायरस नावाचा व्हेक्टर त्यांच्यात एक नवं जनुक सोडतो. हा व्हेक्टर मुळात एचआयव्हीपासून घडवलेला, पण दचकू नका, त्याची वाढण्याची शक्ती काढून घेतलेली असते. त्या जनुकामुळे शिपायाला नवे डोळे फुटतात आणि सीडी-१९ ही खूण अंगावर असलेली पेशी त्याला ओळखता येते. मग हे शिपाई प्रयोगशाळेत वाढवून सलाईनसारखे परत रुग्णाच्या शिरेत सोडतात. म्हणजे विषाणूचं काम बाहेरच उरकलेलं असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. चाचणीत ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. इतर उपाय थकलेली ही माणसं होती, हे लक्षात घेतलं तर हा आकडा लहान नाही. मात्र हा उपचार बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी, तोही उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या.

आता घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. स्तनाचा, आतड्याचा, फुप्फुसाचा कॅन्सर यकृतात, हाडात गेला, कोंकणीत आपण म्हणतो तसा 'पातळ्ळा', तर हे चालेल? आज तरी नाही. रक्ताचा कॅन्सर मुळातच रक्तातून फिरतो, शिपाईही तिथेच फिरतात, गाठ पडते. घट्ट गाठीत शिरणं त्यांना जमत नाही. शिवाय खूण कुठली धरायची? सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, पण त्या गेल्या तरी माणूस जगतो. स्तनाच्या गाठीवरची खूण हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीवरही असली, तर शिपाई तिथेही तुटून पडेल.

मग व्हेक्टर थेट शिरेत सोडला तर? बरेचसे विषाणू यकृतच अडवतं, उरलेल्यांना प्रतिपिंडं गाठतात. १९९९ साली अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच व्हेक्टरच्या चाचणीत दगावला. त्याला कॅन्सर नव्हता, यकृताचा आनुवंशिक आजार होता. त्यानंतर सगळेच जपून पावलं टाकू लागले. २०१५ मध्ये अमेरिकेने मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी बदललेल्या हर्पिस विषाणूचं औषध मान्य केलं, पण ते गाठीतच टोचावं लागतं. दूरच्या अवयवात लपलेल्या गाठींवर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही.

आणि पैसा. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा कार-टी उपचार इथे सुमारे ४० लाखांत आला, याचं कौतुक करायलाच हवं. पण आपल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कवच मोठ्या कुटुंबालाही वर्षाला चार लाखांचं. पेडण्याहून कोकणकन्येत बसून पनवेलला उतरलं की टाटाचं खारघर केंद्र जवळच. अंतर सुटलं, मधले ३६ लाख सुटले नाहीत.

ही फट दिसली की जाहिरातवाले शिरतात. 'पसरलेल्या कॅन्सरवर जीन थेरपी, हमखास गुण' असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला, तर दागिने मोडण्याआधी दोन गोष्टी करा. बांबोळीच्या गोमेकॉतल्या किंवा आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला तो दाखवा. आणि समोरचा 'चाचणी चालू आहे' म्हणत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. भारतातली औषधांची प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती नेटवर कुणालाही फुकट पाहता येते. मोबाइल तर आपल्या हातात असतोच, घरच्या मोठ्यांना शोधून द्यायला पाच मिनिटं पुरतात.