मांसमाशीच्या आतड्यातील जीवाणू व त्यांचे नामकरण

देहूरोडच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढे क्षणभर उभे राहिले, तर घरमाशीहून थोराड, छातीवर तीन काळे पट्टे असलेली करडी माशी दृष्टीस पडते. ही मांसमाशी. ती सहसा अंडी घालीत नाही. जिवंत अळ्याच मांसावर किंवा उघड्या जखमेवर टाकते. तिच्या आतड्यातील जीवाणूंस नावे कशी मिळाली, हा वृत्तांत भाषेच्या अभ्यासकासही रोचक वाटेल.

२००१ साली हंगेरीतील संशोधकांनी मांसमाशीच्या एका जातीच्या अळ्यांतून एक अपरिचित जीवाणू वेगळा केला. त्या माशीचे वर्णन करणारे ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ इग्नाझ शिनर यांच्या स्मरणार्थ जीवाणूच्या प्रजातीस ‘शिनेरिया’ व जातीस ‘लार्व्ही’ असे नाव दिले गेले. परंतु ‘शिनेरिया’ हे नाव एका माशीच्या प्रजातीस एकोणिसाव्या शतकातच मिळालेले होते. प्राण्याने व्यापलेले नाव जीवाणूस देता येत नाही. म्हणून २००७ साली शिनर यांचे पाळण्यातले नावही पुढे जोडून ‘इग्नाझशिनेरिया’ असा लांबलचक शब्द घडविण्यात आला. उच्चारसौकर्याचा विचार या शास्त्रात फारसा होत नाही!

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अळ्यांऐवजी प्रौढ माश्या तपासल्या. त्यांत मिळालेल्या याच प्रजातीच्या दोन नव्या जातींचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. कीटकशास्त्रज्ञ हेमंत घाटे हेही या कार्यात सहभागी होते.

जीवाणू नवा आहे, हे ठरवावयाचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो जाती सारख्याच दिसतात. म्हणून पेशीत प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेशी संबंधित असे एक जनुक सर्व जीवाणूंत ताडून पाहतात. हे जनुक फार सावकाश बदलते, त्यामुळे त्यावरून कूळ कळते. मात्र निकटच्या दोन जाती त्यावरून नेहमीच वेगळ्या काढता येत नाहीत. मग संपूर्ण डीएनएचे साम्य मोजावे लागते. ते ७० टक्क्यांहून कमी भरले, तर जाती भिन्न, असा संकेत पडला. समान शब्दांच्या टक्केवारीवरून बोली कोणती व भाषा कोणती हे ठरविणाऱ्यांची येथे आठवण होते. अशी रेषा सोयीची असते; ती निसर्गाने आखलेली असतेच असे नाही. म्हणूनच पेशीतील मेदाम्ले, वाढीचे तापमान, रासायनिक क्रिया यांचीही साक्ष घेतात.

आता नावांचे व्याकरण पाहू. ‘लार्व्ही’ ही लॅटिन षष्ठी आहे: ‘अळीचा’. पुण्याच्या जातींपैकी ‘इंडिका’ हे विशेषण. प्रजातीचे नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे तेही, आपल्या ‘चांगली’ प्रमाणे, स्त्रीलिंगी झाले. ‘यूरिइक्लास्टिका’ म्हणजे यूरियाचे विघटन करणारी. तिच्यातील उत्तरपद मोडणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. केवळ शब्द घडवून मात्र भागत नाही. नाव ज्या वाणास बांधले, तो जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. हे वाण जर्मनी व दक्षिण कोरिया येथे ठेवले आहेत. नावाचा अर्थ पडताळावयाचा, तर तेथून वाण मागवावा.

या खटाटोपाचे फळ लवकरच दिसले. २०१४ साली अमेरिकेत जखमांत अळ्या पडलेल्या रुग्णांच्या तपासणीत एक जीवाणू आढळला. नेहमीच्या प्रयोगशाळा-चाचण्यांत सहसा न ओळखू येणारा हा जीवाणू जनुकक्रमावरून ओळखला गेला. तो होता इग्नाझशिनेरिया इंडिका.