मशीन बसवलं, तरी धडधड का होते?

हृदयाची लय : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया पाहिली. ती साधारण तासाभराची असते आणि बहुतेक पेशंट काही दिवसांत घरीही येतात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. रात्री डाव्या कुशीवर वळलं की ठोके कानात वाजतात. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा जोरात आदळतो. कधी बरगडीखाली काहीतरी उडतं. घरचे म्हणतात, आता तर मशीन बसवलंय, मग घाबरायचं कशाला? ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय मिटतो, पेशंट सांगणंच सोडून देतो आणि एकटा भीत राहतो. हे थांबायला हवं. जे जाणवतं ते बहुतेक वेळा खरंच घडत असतं, त्याला कारण असतं, आणि बऱ्याच कारणांवर इलाजही सोपा असतो.

आधी मशीनचं काम समजून घेऊ. पेसमेकर हा मंद हृदयाचा राखणदार आहे. डॉक्टरांनी त्यात किमान वेग ठरवून दिलेला असतो, बहुधा मिनिटाला ६०. हृदय स्वतःहून तेवढं चालत असेल तर मशीन गप्प बसतं. मागे पडलं की ते ठोका देतं. हृदय पळू लागलं तर मात्र साधा पेसमेकर त्याला अडवू शकत नाही. मधूनच येणारे जादा ठोके किंवा वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड मशीननंतरही होऊ शकते आणि तिला बहुधा गोळ्या लागतात. जादा ठोका लवकर येतो, त्यानंतर क्षणभर विश्रांती मिळते, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणका दिल्यासारखा लागतो. ‘ठोका चुकला’ असं वाटतं ते यामुळे. बहुतेकदा हे धोक्याचं नसतं. पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, अंगातलं पाणी कमी झालं, रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, की असे ठोके वाढतात.

दुसरं कारण सवयीचं. हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश वाटेत अडतो तेव्हा, कित्येक महिने नाडी पस्तीस-चाळीसवर चाललेली असते. ती एका दिवसात साठ-सत्तरवर येते. वेग अगदी योग्य असतो, पण शरीराला तो नवा असतो. काही आठवड्यांत ही जाणीव सहसा ओसरते.

काही जाणिवा मात्र खुद्द मशीनमुळे होतात. अनेक पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, म्हणजे चालताना वेग आपोआप वाढतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात बसून हादरे बसले, तरी त्याला माणूस चालतोय असं वाटू शकतं, आणि बसल्या जागी धडधड सुरू होते. सेन्सरची संवेदनशीलता कमी केली की प्रश्न सुटतो. बरगडीखाली प्रत्येक ठोक्याबरोबर उचकीसारखं काही उडत असेल, तर विजेचा झटका श्वासपटलापर्यंत किंवा त्याच्या नसेपर्यंत पोचत असण्याची शक्यता असते. मग झटक्याची ताकद कमी करावी लागते किंवा मशीनपासून हृदयात गेलेली तार सरकली आहे का ते पाहावं लागतं.

एकाच तारेच्या पेसमेकरमध्ये आणखी एक त्रास काहींना होतो. तार फक्त खालच्या कप्प्यात असते, त्यामुळे वरचा आणि खालचा कप्पा यांचा मेळ चुकतो. वरचा कप्पा बंद झडपेवर आकुंचन पावतो, रक्त मागे ढकललं जातं आणि मानेत ठोके उडतात. सोबत थकवा, चक्कर, छाती भरून येणं. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. किमान वेग थोडा उतरवून हृदयाच्या स्वतःच्या लयीला वाव देता येतो. काहींना वरच्या कप्प्यात दुसरी तार घालावी लागते.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात तार पक्की बसायची असते. कितीतरी दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ही गोष्ट विशेष सांगायला हवी. पाणी आलं म्हणून मशीनच्या बाजूच्या हातानं हंडे-बादल्या उचलू नका, तो हात खांद्याच्या वर नेऊ नका. उलट टोकाला जाऊन हात झोळीत बांधूनही ठेवू नका. खांदा आखडतो आणि ते दुखणं छातीचं वाटू लागतं.

धडधड जाणवली की आधी बसा. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ऑक्सिमीटर किंवा बीपीच्या मशीनवर विसंबू नका, कारण जादा ठोके कमजोर असल्यानं त्यांच्या मोजणीतून निसटतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. मग वहीत चार गोष्टी लिहा : तारीख आणि वेळ, किती वेळ टिकलं, तेव्हा काय करत होता, नाडी किती होती.

ही वही महत्त्वाची, कारण मशीनही स्वतःची नोंद ठेवत असतं. तपासणीत छातीवर एक उपकरण ठेवून डॉक्टर ती वाचतात. त्यात दुखत नाही. किती ठोके मशीननं दिले, वेग कधी वाढला, बॅटरी किती उरली, तार नीट आहे का, हे त्यातून कळतं. तुमची वेळ आणि मशीनची वेळ जुळली की अंदाज करावा लागत नाही. तपासणी सरकारी रुग्णालयात, म्हणजे घाटीत, होवो वा खासगी रुग्णालयात, पेसमेकरचं कार्ड आणि वही सोबत न्या.

ही सोय सुरुवातीला नव्हती. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेलं ते यंत्र काही तासच चाललं. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, आणि तरी ते २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगले. त्या काळी यंत्रात काही बदलायचं तर पुन्हा चाकू लागे. आज वेग, ताकद आणि सेन्सर बाहेरूनच, बसल्या बसल्या बदलता येतात. इतकी सोय असताना त्रास सोसत राहण्यात काय अर्थ?

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नका. शुद्ध हरपणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं, छातीत दुखणं, धाप लागणं, थांबतच नाही अशी उचकी, नाडी वारंवार ठरवलेल्या वेगाखाली जाणं, मशीनच्या जागी लाली, सूज किंवा पू, ताप, त्या बाजूचा हात सुजणं. यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच १०८ ला फोन करा.

एवढं सांभाळलं की भिऊन घरात बसायचं कारण नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज चाला, हळूहळू अंतर वाढवा. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायची हौस असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. सेन्सर त्या चालीला जुळवून घेता येतो. आणि पुढच्या तपासणीत ‘सगळं ठीक आहे’ म्हणण्याआधी वही उघडा. तुम्ही नेमकी वेळ सांगितलीत, तर मशीनच्या नोंदीत नेमकं कुठे पाहायचं ते डॉक्टरांना कळतं.

पुढच्या आठवड्यात : मोबाइल, इंडक्शन शेगडी आणि वाळूजच्या कारखान्यांतलं वेल्डिंग. पेसमेकर असताना कशापासून किती दूर राहायचं?